वावराची खोली आणि कराचा न्याय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खानदेशातल्या एखाद्या वावरावर किती शेतसारा बसवायचा, हे ठरवायला प्रतबंदीचा कारकून यायचा तो कुदळवाला बरोबर घेऊनच. वावराचा कच्चा नकाशा काढून तो त्याचे सारखे भाग पाडायचा. मग प्रत्येक भागात माती उकरून दोन गोष्टी पाहायचा: मातीची जात कोणती आणि खाली मुरूम लागेपर्यंत तिची खोली किती हात. काळीभोर, बारीक पोताची माती पहिल्या जातीची. जरा भरड, तांबूस माती दुसऱ्या जातीची. खडेमिश्रित, भुरकट, हातात भुसभुशीत लागणारी माती तिसऱ्या जातीची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल लागली तर तो भाग सोळा आण्यांचा. खोली पाव हाताने कमी भरली की चौदा आणे, आणखी पाव हाताने कमी भरली की बारा. असे उतरत उतरत पाव हात खोलीला साडेचार आणे. दुसऱ्या जातीची सुरुवातच चौदा आण्यांपासून व्हायची. तिसरी जात कितीही खोल असली तरी सहा आण्यांच्या वर जात नसे.

एवढ्यावर भागत नसे. मातीत चुनखडी आहे का, वाळू मिसळलेली आहे का, जमिनीला उतार आहे का, मातीचा कण कणाला धरून राहत नाही का, पाणी आत मुरतच नाही का, वरून वाहणारे पाणी माती धुऊन नेते का, झऱ्यांमुळे वावर चिबड राहते का, असे सात दोष ठरलेले होते. सापडलेल्या प्रत्येक दोषापायी तो भाग एक प्रत खाली उतरवायचा.

हिशेब करून पाहू. समजा, वावराचे आठ भाग पडले. तीन भागांत पावणेदोन हात काळी माती, पण त्यांतल्या एकात चुनखडी. म्हणजे सोळा, सोळा आणि चौदा आणे. तीन भागांत हातभर खोल तांबूस माती, म्हणजे आठ आण्यांप्रमाणे चोवीस. उरलेल्या दोन भागांत अर्धा हात खडेमिश्रित माती, म्हणजे तीन-तीन आणे. बेरीज झाली ७६. तिला आठाने भागले की वावर साडेनऊ आण्यांचे ठरले. गावाचा वरचा दर, म्हणजे सोळा आण्यांच्या जमिनीचा, एकरी दोन रुपये धरला, तर या वावराचा आकार एकरी एक रुपया तीन आणे. गावाचा वरचा दर ठरवताना तिथला पाऊस, बाजारपेठ किती लांब आहे आणि शेती कशी होते, हे पाहिले जाई. ठरलेला आकार मग तीस वर्षे कायम.

गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध केली. पुढे सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जो रुपया-पैशांचा आकडा दिसतो, त्याची मुळे या प्रतबंदीत आहेत. करपद्धती एवढी किचकट कशाला असते, साधा सरळ एक दर का लावत नाहीत, असा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. खानदेशच्या मातीत याचे फार जुने उत्तर आहे. साक्रीच्या डोंगराकडची मुरमाड जमीन आणि तापीकाठची रावेरची काळी जमीन यांना एकच दर लावणे सोपे आहे, पण तो अन्याय आहे. हा अन्याय टाळायचा म्हटले की खड्डे खणणे आलेच.

औतापासून बटाईपर्यंत

दख्खनमध्ये जुना सोपा कर होता तो औतावरचा. एका बैलजोडीमागे ठरावीक रक्कम. औते मोजणे सोपे असते, ती लपवता येत नाहीत. पण सारखी बैलजोडी काळ्यात चालली काय आणि बरडात चालली काय, पीक सारखे येत नाही. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याच्या दिवाणाने, मुर्शिद कुली खानाने, यात मोठी दुरुस्ती केली. १६५६ मध्ये पुऱ्या दख्खनची दिवाणी त्याच्याकडे आली. काही ठिकाणी त्याने औताचा कर राहू दिला, काही ठिकाणी जमीन मोजून दर ठरवला आणि काही ठिकाणी बटाई लावली. बटाईतही एक दर नव्हता. नुसत्या पावसावरच्या धान्याचा निम्मा वाटा सरकारचा. विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा तिसरा हिस्सा. ऊस, केळी, द्राक्षे अशा पिकांना चौथ्या हिश्श्यापासून नवव्या हिश्श्यापर्यंत. विहीर खणायला, मोट चालवायला, मळा राखायला कुणब्याचा पैसा आणि घाम जास्त जातो, म्हणून तिथे सरकारने हात आखडता घ्यायचा, हे त्यामागचे तत्त्व. एका नियमाच्या जागी बरेच नियम झाले, पण प्रत्येकाच्या मागे शेतकऱ्याच्या कष्टाचा काहीतरी विचार होता.

त्यानंतर आली ती गुंतागुंत वेगळ्या जातीची. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा खानदेशात उतरल्या आणि या मुघल मुलखातल्या गावांकडून चौथाई देण्याचे करार लिहून घेतले गेले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. खानदेश त्या सहांपैकी एक. सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, चौथाई म्हणजे पाव. या पाव हिश्श्याची पुन्हा वाटणी: शंभरातले पंचवीस छत्रपतींची बाबती, सहा सहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, तीन नाडगौडा आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांचे. बाकीच्या वसुलावर निजामाचा हक्क. शिवाय देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वतनी हक्क आणि बलुतेदारांचा खळ्यावरचा वाटा. वावर एक, कुणबी एक, पण हिस्सेदार डझनभर. १७५२ च्या भालकीच्या तहाने खानदेशातला बराच मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला, तरी खालचे हक्कदार जिथल्या तिथेच राहिले.

या वाटणीचा शेतकऱ्याच्या ऐपतीशी काहीही संबंध नव्हता. कोणत्या घराण्याला, कोणत्या कामगिरीबद्दल, किती हक्क मिळाला, त्याचा हा साठलेला थर होता. इनाम जमिनींचेही तेच. कोणाला पूर्ण माफी, कोणाला नाममात्र जुडी. आणि ज्याच्याकडे सनद नाही त्याला पूर्ण धारा. त्यात उत्तर पेशवाईत नाना पट्ट्यांची भर पडली: घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटका, कारागिरांचा मोहतर्फा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात महालच्या महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावेल त्याला वसुलीचा हक्क. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने चढी बोली लावली तर हक्क त्याच्याकडे जाणार, म्हणून हाताशी आहे तोवर ओरबाडून घ्यायचे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी प्रांत लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी इंग्रजांच्या वतीने खानदेशचा कारभार हाती घेऊन धुळ्याला मुख्य ठाणे केले, तेव्हा गावेच्या गावे ओस पडलेली होती.

कर किचकट होण्याची दोन कारणे इथे स्पष्ट दिसतात. एक गुंतागुंत न्यायापोटी येते: माणसामाणसांत, जमिनीजमिनींत फरक आहे आणि तो धरायचा आहे, म्हणून. दुसरी हक्कापोटी येते: कोणाला तरी सूट हवी आहे किंवा वाटा हवा आहे, म्हणून. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींची भाषा कलमांची, पोटकलमांची आणि अपवादांचीच असते. पण पहिली गुंतागुंत काढून टाकली तर गरिबाचे नुकसान होते, आणि दुसरी काढली तर त्याचा फायदा. त्यामुळे नुसते ‘कर सोपा करा’ म्हणून चालत नाही. यांतली कोणती काढायची, हे आधी सांगावे लागते.

मोजणीला विरोध का झाला

विंगेटच्या आधी पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेर याहून काटेकोर प्रयत्न करून पाहिला होता. त्या काळचे इंग्रजी अर्थशास्त्र त्याने मन लावून अभ्यासले होते. शेताच्या उत्पन्नातून बियाणे, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि निव्वळ शिलकीच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे, अशी त्याची योजना होती. तत्त्व म्हणून याहून न्याय्य काय असणार? पण हजारो शेतांचा खर्च आणि उत्पन्न खरे खरे कोण सांगणार? कनिष्ठ नोकरांनी भरलेले आकडे चुकीचे निघाले, काही ठिकाणी पैसे घेऊन बदललेले निघाले. आकारणी जड झाली, भाव पडले आणि कुणबी जमिनी सोडून गेले. म्हणून १८३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि डोळ्यांना दिसेल, हाताने मोजता येईल अशी गोष्ट धरली: मातीची जात आणि खोली. खरी ऐपत मोजता येत नाही, म्हणून ऐपतीची खूण मोजायची.

हीच पाहणी १८५२ मध्ये खानदेशात आली आणि सावदा, यावल, रावेर, चोपडा, एरंडोल या पट्ट्यात शेतकऱ्यांनी ती अडवली. हजारोंचे जमाव जमले, मोजणीदारांना काम थांबवावे लागले. कलेक्टर मॅन्सफील्ड यांनी फौज आणली, पुढाऱ्यांना अटक झाली आणि पाहणी पुढे रेटली गेली. सत्तावनच्या पाच वर्षे आधी खानदेशच्या शेतकऱ्यांनी केलेला हा उठाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून हवा तेवढा सांगितला जात नाही.

विरोध करणाऱ्यांना न्याय नको होता असे कोणी म्हणणार नाही. सरकार शंकू-साखळी घेऊन वावरात उतरते तेव्हा कर वाढवायलाच उतरते, ही रयतेची भीती अनुभवातून आलेली होती. पण आणखी एक गोष्ट होती. जुन्या व्यवस्थेत दर वावरागणिक वेगळे होते, आणि ते सगळे मातीप्रमाणे ठरलेले नव्हते. गावात वजन असलेल्या घराण्यांच्या चांगल्या जमिनींवर कित्येकदा हलका धारा असे. सगळ्यांना एक माप लावले की ज्याच्यावर आजवर जास्त भार होता तो हलका होतो आणि ज्याच्यावर कमी होता त्याचा वाढतो. ज्याचा वाढतो तो त्याच दिवशी बोलतो. ज्याचा हलका होतो त्याला पुढची पावती हातात पडेपर्यंत खरे वाटत नाही. करसुधारणा जगभर कुठेही अडतात त्या याच ठिकाणी. चुकीचा कर वर्षानुवर्षे चालला की लोक त्याच्याभोवती आपला संसार मांडतात. जमिनीची किंमत, कर्ज, हुंडा, वाटणी, सगळे त्या जुन्या दरावर बेतलेले असते. दुरुस्ती न्याय्य असली तरी ती कोणाची ना कोणाची घडी मोडतेच.

पाऊस आणि पैसेवारी

मातीची खोली मोजली तरी आभाळ मोजायचे राहते. बटाईत पीक बुडाले तर सरकारचा वाटाही बुडायचा. तीस वर्षांच्या रोख साऱ्यात तो धोका एकट्या शेतकऱ्यावर आला. कापूस चढ्या भावाने जावो की पडक्या, सारा तेवढाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. साऱ्याचा हप्ता भरायला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहिला.

मग सूट-तहकुबीचे नियम आले आणि त्यांच्यासोबत पिकाचा अंदाज रुपयातल्या आण्यांत करायची आणेवारी. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातला १९१८ चा सत्याग्रह याच आकड्यावर उभा होता. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीची वसुली तहकूब, असा नियम होता. अधिकारी म्हणत पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. पूर्व खानदेशात १९३८ मध्ये अतिवृष्टीने पिके गेली तेव्हा साने गुरुजींनी शेतसारा माफ व्हावा म्हणून गावोगाव शेतकरी उभा केला. त्याच वर्षी अमळनेरहून सुरू झालेल्या त्यांच्या ‘काँग्रेस’ साप्ताहिकाने शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडले.

आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, पण प्रश्न तोच राहिला. दर वर्षी आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम पैसेवारी जाहीर होते. गावातल्या ठरावीक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून तिथले पीक कापायचे, तोलायचे आणि चांगल्या वर्षाच्या उत्पन्नाशी ताडून पाहायचे. अंतिम आकडा पन्नास पैशांच्या आत आला की गाव टंचाईग्रस्त मानायचे आणि जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी द्यायची, ही रीत महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाळली. २०१६ च्या दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरवायला पाऊस, ओलावा, पिकाची स्थिती असे निकषही आणले.

आता शिंदखेडा तालुक्यातली शिवेला शीव लागलेली दोन गावे डोळ्यांसमोर आणा. एकाची पैसेवारी ४९, दुसऱ्याची ५१. बांधाच्या अलीकडे सवलत, पलीकडे काही नाही. दादर ज्वारी दोन्हीकडे सारखीच करपलेली. शिवाय गावाचा आकडा हा सरासरीचा. विहीर असलेल्याचे पीक वाचले आणि पाच कोरडवाहू वावरे गेली, तरी आकडा एकच. हे टाळायचे तर प्रत्येक वावराची पैसेवारी करावी लागेल. तितकी माणसे कुठून आणायची, आणि त्या माणसांवर दबाव येणार नाही याची हमी कोणी द्यायची? प्रिंगलची अडचण जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा समोर उभी राहते.

खिडक्या, पगार आणि सुटी डाळ

ऐपतीची खूण मोजायची ही युक्ती आणि तिच्यातली फसगत जगभरची आहे. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. श्रीमंताचे घर मोठे, मोठ्या घराला खिडक्या जास्त, आणि खिडक्या रस्त्यावरूनच मोजता येतात. घरात शिरून कोणाचे उत्पन्न विचारायला नको. ॲडम स्मिथने त्यातला दोष दाखवला: लंडनमधल्या महागड्या घरापेक्षा खेड्यातल्या स्वस्त घराला कधी कधी जास्त खिडक्या असतात. कर चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि भाडेकरू अंधारात, कोंदट हवेत राहू लागले.

सोप्या कराचा आपल्याकडचा नमुना म्हणजे व्यवसाय कर. १९७५ पासून महाराष्ट्रात तो आहे आणि रोजगार हमी योजनेसारख्या मोठ्या कामाला त्याने पैसा पुरवला. हिशेब अगदी सोपा: पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी. आता धुळ्याच्या दुकानात महिना १५ हजारांवर काम करणारा माणूस घ्या. त्याच्या वर्षाच्या कमाईचा जवळपास १.४ टक्के भाग या करात जातो. महिना दोन लाख घेणाऱ्याचा जातो ०.१ टक्का. संविधानाच्या २७६ व्या कलमाने या कराची कमाल मर्यादा २,५०० रुपयांवर बांधलेली आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. हा कर सोपा आहे, वसूल करायला स्वस्त आहे आणि कमी पगाराच्या माणसावर तो तेरापट जड आहे.

जकातही अशीच सोपी होती. शहराच्या वेशीवर नाका, नाक्यावर ट्रक उभा, मालाची पावती फाडली की झाले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवरच्या धुळ्याला नाक्यावरच्या रांगांचे वेगळे वर्णन सांगायला नको. जकात कोणाच्या खिशातून जाते हे कोणालाच दिसत नसे; ती मालाच्या भावात मिसळून शेवटी गिऱ्हाइकाकडून निघायची. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. जळगाव महापालिका २०१० मध्ये तो लावणाऱ्या पहिल्या महापालिकांपैकी एक. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला.

‘एक देश, एक कर’ म्हणून आलेल्या या करात एकच दर ठेवता आला नाही, याचे कारण प्रतबंदीच्या कारकुनाला बरोबर कळले असते. भाजी, दूध आणि मोटारगाडी यांना एक दर लावला तर गरिबाच्या ताटातून पैसे निघतात. म्हणून वेगवेगळे दर आले. दर आले की रेषा आली, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना भांडण आले. २०२२ पासून आठवडे बाजारात सुटी तूरडाळ घेतली तर कर नाही. तीच डाळ लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पिशवीत घेतली तर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे २,५०० च्या ड्रेसवर सव्वाशे रुपये कर आणि २,६०० च्या ड्रेसवर ४६८. किमतीत फरक शंभराचा, करात साडेतीनशेच्या आसपास. पैसेवारीच्या ४९ आणि ५१ चा हाच प्रकार. जग हळूहळू, पायरी न दिसता बदलते. नियमाला मात्र कुठेतरी एक पायरी घालावीच लागते.

वसुली कुठे करायची, यानेही कराचा आकार बदलतो. खानदेशातले लाखो कपाशीवाले शेतकरी करासाठी नोंदणी करतील, विवरणपत्रे भरतील, हे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने किंवा जिनिंगवाल्याने त्यावरचा ५ टक्के कर स्वतः भरायचा आणि पुढे रुई-सरकी विकताना त्याची वजावट घ्यायची, असा उलटा नियम झाला. शेतकऱ्याची कटकट वाचली, कायद्यात एक कलम वाढले. सोन्याचे पाहा. जळगावच्या सराफ बाजारात लाखाचा दागिना घेताना सोन्यावर ३ टक्के कर लागतो. साध्या कपड्याला ५ आणि सोन्याला ३, हे न्यायाच्या तराजूत बसत नाही. पण सोने छोटे, लपवायला सोपे. कर वाढला की चोरटा व्यापार वाढतो आणि पावतीशिवाय सौदे होतात. जुलै २०२४ मध्ये केंद्राने सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणले त्यामागेही हा विचार होता. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडे लपवण्याची सोयही असते, हे कराच्या न्यायापुढचे सगळ्यांत जुने संकट आहे. मातीची खोली लपवता येत नाही. म्हणून शतकानुशतके जगभरच्या राजवटींनी भार टाकला तो मातीवर, आणि ती कसणाऱ्याच्या पाठीवर.

ज्यांच्यावर कर नाही

आज चित्र उलटे आहे. शेतसारा नावापुरता उरला आहे आणि शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा प्राप्तिकर लागू नाही. तो लावण्याचा अधिकार संविधानाने राज्यांना दिला आहे. शिंदखेड्याच्या कोरडवाहू तीन एकरवाल्याला ही सूट हवीच. तिच्या आडून बिनशेती उत्पन्न शेतीचे म्हणून दाखवणारेही आहेत. १९७२ मध्ये डॉ. के. एन. राज यांच्या समितीने यावर मार्ग सुचवला होता. शेतकऱ्याच्या वह्या तपासायच्या नाहीत. जिल्हा, माती, पाणी आणि पिके पाहून, मागच्या दहा वर्षांच्या सरासरी उत्पन्नावरून प्रत्येक जमीनधारणेचे मूल्य ठरवायचे, आणि मोठ्या धारणेला चढता दर लावायचा. हा विंगेटचाच रस्ता होता, फक्त लहान शेतकऱ्याला त्यातून मोकळे ठेवले होते. एकाही राज्याने तो चालून पाहिला नाही. मोजता येत नव्हते म्हणून हे अडले नाही. १८५२ मध्ये फौज आणून मोजणी करता आली. लोकशाहीत ज्यांच्यावर भार वाढणार त्यांचीही मते मागावी लागतात.

मते मागावी लागणे ही अडचण वाटते, पण करातला खरा न्याय तिथूनच सुरू होतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेला मुद्दा कराच्या दराविषयी नव्हताच. सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, असे त्यांनी सांगितले. कर घेताना कितीही बारीक मोजा. तो कोणासाठी खर्च होतो हे मोजले नाही तर अर्धा हिशेब राहून जातो.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर चालत आलेली फड पद्धत या उरलेल्या अर्ध्या हिशेबाचे उत्तम उदाहरण आहे. बंधाऱ्याखालचे शिवार तीन-चार फडांत वाटलेले आणि बहुतेक शेतकऱ्यांचे वावर प्रत्येक फडात थोडे थोडे. एका फडात एक पीक. पाणी कमी आले तर कोणता फड यंदा कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी बसून ठरवायचे. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात असल्याने तोटाही वाटून येतो. पाटकरी पाणी फिरवतो, जागल्या पीक राखतो, आणि त्यांचा मोबदला शेतकरी आपल्या पिकातून देतात. हाही करच आहे. पण तो का द्यायचा, किती द्यायचा आणि दिल्यावर काय मिळाले, हे देणाऱ्याला रोज पाटाच्या कडेला दिसते. म्हणून तो शतकानुशतके चालला.

अख्खे राज्य फडासारखे चालवता येणार नाही. बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात एकमेकांना ओळखणारे लोक कर ठरवू शकत नाहीत, त्यामुळे कलमे, दर आणि अपवाद राहणारच. त्यांच्याकडून मागायच्या गोष्टी मात्र ठरवता येतात. प्रत्येक अपवादाचे कारण जाहीर असले पाहिजे, आणि ते कारण माणसाची ऐपत किंवा कष्ट हे असले पाहिजे. कोणाचे वजन हे नव्हे. रेषा जिथे ओढली तिथे ४९ आणि ५१ यांच्यात दरी पडू नये, म्हणून सवलत टप्प्याटप्प्याने उतरली पाहिजे. मोजमाप ज्याचे झाले त्याला ते स्वतः करून पडताळता आले पाहिजे आणि चुकले तर गावातल्या गावात दाद मागता आली पाहिजे. प्रतबंदीच्या कारकुनाने काढलेले आणे कुणब्याला वाचता येत नव्हते. आजच्या शेतकऱ्याला सातबारा मोबाइलवर दिसतो, मग त्याच्या गावची पैसेवारी कोणत्या वावरांतल्या, कोणत्या तुकड्यांवरून काढली, तेही त्याच मोबाइलवर दिसायला काय हरकत आहे? कर सोपा झाला नाही तरी चालेल. तो देणाऱ्याला समजला पाहिजे, आणि तो चुकीचा आहे असे सिद्ध करण्याची संधी देणाऱ्याच्या हातात राहिली पाहिजे.